मुसा रेमूचे आडनाव

हैदराबादेत मलकपेठेच्या पुढे मूसारामबाग नावाची वस्ती लागते. आता तेथल्या मेट्रोच्या स्थानकालाही तेच नाव दिलेले आहे. दवाखाना, कोर्ट किंवा मुलांचे शिक्षण यांसाठी आदिलाबादहून हैदराबादेस खेपा घालणाऱ्या आपल्या भागातील माणसाला हे नाव चांगले परिचयाचे असते. पण हा मूसाराम कोण, असे विचारले तर 'असेल कोणी बागेचा मालक' एवढ्यावरच बहुतेकांची चौकशी थांबते.

हा मूसाराम फ्रेंच होता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला मिळालेले नाव मिशेल जोआकिम मारी आणि घराण्याचे नाव रेमों. १७५५ मध्ये फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतात तो जन्मला, तरुणपणी पुदुच्चेरीस आला, बुसीच्या हाताखाली वावरला आणि बुसी वारल्यानंतर निजाम अलीच्या चाकरीत वर चढत गेला. कवायती पलटणी, तोफा ओतण्याचा कारखाना (हैदराबादचा 'तोप का साँचा' तो हाच) आणि दरबारात मान, असे सर्व मिळवून २५ मार्च १७९८ रोजी तो वारला. हिंदू त्याला मूसाराम म्हणत, मुसलमान मूसा रहीम म्हणत, आणि पेशव्यांकडील मराठी कागदांत तो 'मुसा रेमू' होऊन बसला. असमानगडच्या टेकडीवर त्याच्या थडग्यापाशी सुमारे २३ फूट उंचीचा दगडी स्तंभ उभा आहे. त्याच्या पुण्यतिथीस तेथे उरूस भरे, ऊदबत्ती लागे. शेजारचा खांबांचा मंडप २००१ च्या पावसात कोसळला आणि पुढे पुन्हा बांधला गेला. स्तंभावर अक्षरे कोरली आहेत ती दोनच : जे. आर.

आता एखाद्या चिकित्सक वाचकाने विचारावे की, पहिले नाव मिशेल असताना स्तंभावर 'जे' कसा? उत्तर फ्रेंच चालीरीतीत आहे. तिकडे बाळाला दोन-तीन नावे एकदम देत, आणि रोजच्या वापरात पहिलेच येई असे नाही. आमचा रेमों जोआकिम या नावाने ओळखला जात असला पाहिजे. 'मारी' हे तर येशूच्या आईचे नाव. पण कॅथलिक फ्रान्समध्ये ते मुलग्यांनाही ठेवत. ही रीत माहीत नसलेला माणूस जुन्या नोंदवहीत 'मारी' वाचून ती बाई समजेल आणि तेथेच वाट चुकेल.

या लेखाचा विषय हा असाच आहे. निर्मलच्या बाजूला किल्ल्यांची गोष्ट निघाली की फरासिसांचे नाव निघतेच. आणि फरासिसांचे नाव निघाले की कोणाचे घारे डोळे, कोणाचा गोरा रंग, कोणाचे चमत्कारिक आडनाव यांचा संबंध त्यांच्याशी जोडून दिला जातो. यात खरे किती आणि गप्पा किती, हे ठरवायचे कसे? त्यासाठी नावे कशी घडतात, कशी बदलतात आणि ती कोण लिहितो, हे आधी पाहावे लागेल.

'मुसा' हे नाव नव्हे

मराठी कागदांतला 'मुसा' म्हणजे फ्रेंच 'मस्य'. त्याचा अक्षरशः अर्थ 'माझे स्वामी', म्हणजे आपले 'साहेब' किंवा 'रावसाहेब'. १७५१ मध्ये सलाबतजंगाला गादीवर बसवून दक्षिणेत सात वर्षे दबदबा गाजविणारा बुसी मराठी कागदांत 'मुसा बुसी' आहे. पुढचा रेमों 'मुसा रेमू' आहे. मुसलमानांत मूसा हे एका पैगंबराचे नाव असल्याने ऐकणाऱ्याला ते अगदी घरचे वाटले आणि फ्रेंच पदवीचे देशी नाव होऊन गेले. जुन्या दप्तरात फरासीस शोधणाऱ्याने प्रत्येक 'मुसा'पाशी थांबले पाहिजे. पण प्रत्येक मुसा फ्रेंच असेल असेही धरून चालता कामा नये, कारण खरोखरीच मूसा नावाचे मुसलमान सरदारही होते.

बुसीचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्याचे घराण्याचे खरे नाव पातिसिए. फ्रेंचमध्ये पातिसिए म्हणजे पेस्ट्री करणारा. आपल्या भाषेत हलवाई म्हणा. घराण्याच्या जमिनीवरून 'द बुसी' हे नाव त्याला लागले, आणि इतिहासाने हलवायाचे नाव पुसून जमिनीचे नाव तेवढे ठेवले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे गावाला 'कर' लावून केलेली आडनावे शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या मागे एखादे जुने कुळनाम किंवा धंद्याचे नाव दडलेले असते. वतन मिळाले की कुळनाम मागे पडून देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही नावे पुढे येतात. फ्रेंचांचा 'द' आणि आपला 'कर' हे नात्याने दूरचे चुलतभाऊ समजावेत. 'द' असला की माणूस खानदानी, हाही एक भ्रम आहे. ते पुष्कळदा नुसते गावाचे नाव असते.

महादजी शिंद्यांचा सेनापती द बॉइन्य घ्या. हा १७५१ मध्ये सव्हॉय प्रांतातील शांबेरी गावी जन्मला तेव्हा त्याचे नाव बन्वा लबोर्न्य होते. 'बोर्न्य' म्हणजे एका डोळ्याने अधू. आपल्याकडे काणे, बहिरट ही आडनावे जशी कोणा पूर्वजाच्या व्यंगावरून पडली असे सांगतात, तसेच हे. पुढे नाव मिळविल्यावर त्याने या नावाचीच डागडुजी करून 'द बॉइन्य' असे भारदस्त रूप घेतले. त्याच्यानंतर शिंद्यांच्या कंपूचा मुख्य झालेला पेरों याचे आडनाव क्युइये. बाप्तिस्म्याचे नाव पिएर, त्याचे लाडके रूप पिएरों, आणि त्यावरून झाला पेरों. म्हणजे 'पेरों' आडनावाची वंशावळ फ्रान्समध्ये शोधणाऱ्याच्या हाती दुसरीच कोणी पेरों मंडळी लागणार. आपला माणूस क्युइयेंच्या घरी बसलेला असणार.

फ्रेंच फौजेत तर टोपणनाव घेणे हा रिवाजच होता. शिपाई भरती झाला की त्याला 'लढाईचे नाव' पडे : कोणी फूल, कोणी हसरा, कोणी आपल्या प्रांताचा. नोंदवहीत खऱ्या नावापुढे 'ऊर्फ' म्हणून ते लिहीत. हिंदुस्थानात आल्यावर खरे नाव गळून पडे आणि ऊर्फ तेवढे उरे. सरधन्याच्या बेगम समरूचे 'समरू' हे नाव अशाच वाटेने आले. तिचा धनी वाल्टर राइनहार्ट हा मूळचा जर्मन भाषेच्या मुलखातला. त्याच्या 'सोंब्र' या टोपणनावाचे लोकांनी समरू केले, आणि बेगमेच्या वारसाने तेच टोपणनाव 'डाइस सोंब्र' असे जोडआडनाव करून इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत नेले.

येथे आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. मराठी कागदांतील 'फरासीस' हा शब्द नेहमीच काटेकोर नसतो. द बॉइन्यचे सव्हॉय त्या काळी सार्डिनियाच्या राजाचे होते. ते फ्रान्सला कायमचे जोडले गेले १८६० मध्ये. ग्वाल्हेरचे फिलोज घराणे नेपल्सचे. तेव्हा 'आमचा पूर्वज फरासीस' एवढ्यावरून पॅरिसचे तिकीट काढू नये. वाट इटलीकडे किंवा जर्मनीकडेही वळू शकते.

निर्मलचे किल्ले आणि 'गारदी'

आता आपल्या मुलखाकडे येऊ. निर्मल हे २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्या वर्षी जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि निर्मल हा स्वतंत्र जिल्हा बनला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे निजामाचा सरदार जफरुद्दौला इब्राहीम बेग, म्हणजे कागदांतला 'धौंसा', याचा अंमल होता. गावाभोवतीच्या टेकड्यांवर बुरूज व तटबंद्या आहेत. निजामाच्या नोकरीतील फ्रेंचांनी त्या बांधल्या, असे परंपरा सांगते. तोफेच्या माऱ्याला तोंड देणारी बांधणी त्या काळी दक्षिणेत फ्रेंचांकडूनच शिकली जात होती, तेव्हा या परंपरेत अशक्य असे काही नाही.

पण किल्ला बांधणारा आला होता म्हणजे त्याचा वंश येथे राहिला, हे सिद्ध होत नाही. पुष्कळांची गल्लत येथेच होते. 'गारदी' शब्दाचे पाहा. फ्रेंच 'गार्द' म्हणजे पहारा, रक्षक दल. त्यावरून कवायती पायदळाला गारदी म्हणू लागले, असे मानले जाते. पानिपतावर पडलेला इब्राहीमखान गारदी बुसीच्या तालमीत तयार झाला होता. पण म्हणून तो फ्रेंच नव्हता. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांवर चाल करून गेलेला सुमेरसिंग गारदी उत्तर हिंदुस्थानी. शब्द फ्रेंच, माणसे देशी. आणि उलटही झाले आहे. फ्रेंच व इंग्रज यांनी पहिले कवायती शिपाई तेलुगू मुलखात व त्याच्या खाली भरती केले, म्हणून उत्तरेत अशा कोणाही शिपायाला 'तिलंगा' म्हणू लागले. मग तो अवधचा का असेना! तेव्हा शब्दावरून रक्त ठरवू नये. घाऱ्या डोळ्यांचीही तीच गत. ते कोकणातही आहेत आणि अफगाणिस्तानातही आहेत.

११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत तर निजामाकडून रेमोंच्या पलटणी होत्या आणि शिंद्यांकडून पेरोंच्या. दोन फ्रेंचांनी तयार केलेले दोन कंपू मराठी मातीत एकमेकांवर तोफा डागत होते. त्यात भर म्हणजे रेमोंनंतर त्याच्या पलटणींचा मुख्य झाला त्याचे नाव पिरों! मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळले जात नाही. घाईच्या लेखणीत एक मात्रा हलली की हैदराबादचा पिरों शिंद्यांचा पेरों होतो. सन आणि दरबार ताडून पाहिल्याशिवाय अशा नावावर विश्वास ठेवू नये.

१७९८ नंतर बायकामुले कोठे गेली?

१ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. ऑक्टोबरात फ्रेंचांच्या पलटणींना वेढा पडला, शिपायांचे पगार थकलेले होतेच, आणि फारशी गोळी न झाडता चौदा-एक हजारांची फौज मोडली गेली. फ्रेंच अधिकारी कैद होऊन कलकत्त्याच्या वाटेला लावले गेले. इतिहासाची पुस्तके येथे प्रकरण संपवितात.

कुळाचा माग काढणाऱ्याचे प्रकरण येथे सुरू होते. हे अधिकारी वर्षानुवर्षे येथे राहिले. त्यांच्यापैकी अनेकांनी येथल्या बायकांशी घरे केली. ती घरे बरोबर गेली नाहीत. मुलगा आईच्या मोहल्ल्यात वाढला, आईच्या धर्माचे नाव घेऊन शिपाईगिरीत किंवा कारखान्यात लागला, आणि दोन पिढ्यांत बापाचे नाव नाहीसे झाले. बायकांचे तर नाव लिहिलेच गेले नव्हते.

ज्यांची नावे टिकली ती मोठ्यांची. द बॉइन्यच्या दोन मुलांची घरची नावे बानू आणि अली बक्ष. त्याने त्यांना व त्यांच्या आईला १७९७ च्या सुमारास इंग्लंडास नेले आणि तेथे मुलांची नावे अ‍ॅना आणि चार्ल्स अलेक्झांडर झाली. आई हेलन बेनेट या नावाने ससेक्समध्ये एका खेड्यात उरलेले आयुष्य काढून १८५३ मध्ये वारली. बापाने एका फ्रेंच उमराव घराण्यातील मुलीशी दुसरे लग्न केले. पण तिला मूल झाले नाही आणि शांबेरीच्या द बॉइन्य घराण्याची गादी चालविली ती अली बक्षाने. आज शांबेरीच्या चौकात चार हत्तींचे कारंजे आहे, तेथे द बॉइन्यचा पुतळा आहे. त्या कारंजाखाली वाहणारे पाणी अर्धे आपल्याकडचे आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

ज्या इंग्रज रेसिडेंटाने हैदराबादची फ्रेंच फौज मोडली, त्या कर्कपॅट्रिकच्याही घरी हेच घडले. खैरुन्निसेपासून झालेली साहिब आलम व साहिब बेगम ही मुले १८०५ मध्ये विलायतेस गेली आणि विल्यम जॉर्ज व कॅथरिन ऑरोरा झाली. आई मागे राहिली.

याउलट वाट भोपाळच्या बूर्बों घराण्याची. फ्रान्सच्या राजवंशातला कोणी पुरुष सोळाव्या शतकात अकबराच्या दरबारी आला, अशी त्यांची कुळकथा; राजवंशाशी असलेले ते नाते मात्र वादाचेच राहिले आहे. तरी नावांची रीत पाहण्यासारखी आहे. भोपाळच्या दरबारात मोठ्या पदाला चढलेला बाल्थाझार द बूर्बों दरबारात शहजाद मसीह म्हणून ओळखला जाई. घरात एक नाव, दरबारात दुसरे. आणि 'मसीह' हे येशूचे नाव धर्माची खूण म्हणून शेवटी. अशी दुहेरी नावे असली की माग टिकतो. एकेरी राहिले की पुसला जातो.

फ्रेंच नोंदवहीचा उपयोग

आता समजा, कोणाच्या घरी खरोखरच एखादे फ्रेंच नाव, एखादा जुना कागद किंवा क्रूस आहे. पुढे काय करावे? येथे फ्रेंचांचे कारकुनी वळण उपयोगी पडते. १५३९ च्या फर्मानाने पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवण्याची सक्ती झाली, १५७९ मध्ये लग्न व दफन यांची भर पडली, आणि १६६७ पासून प्रत्येक वहीच्या दोन प्रती होऊ लागल्या. १७९२ मध्ये क्रांतीने हे काम पाद्र्यांकडून काढून सरकारकडे दिले. २३ ऑगस्ट १७९४ चा कायदा असा की, जन्माच्या नोंदीतले नाव सोडून दुसरे नाव कोणी वापरू नये. लढाईच्या नावांचा काळ संपला तो येथे, निदान कागदावर तरी.

वसाहतींसाठी १७७६ मध्ये आणखी एक हुकूम निघाला : प्रत्येक नोंदीची एक जादा प्रत फ्रान्सला पाठवायची. हे शहाणपण फार कामी आले. पुदुच्चेरी इंग्रजांनी १७६१ मध्ये जमीनदोस्त केली, १७७८ आणि १७९३ मध्ये पुन्हा घेतली. येथली प्रत गेली तरी तिकडची राहण्याची सोय झाली. आज ही दप्तरे दक्षिण फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हांस येथील वसाहतींच्या अभिलेखागारात आहेत, आणि त्यांतील पुष्कळ नोंदी घरबसल्या संगणकावर पाहता येतात. कंपनीच्या जहाजांवर कोण चढले, त्याच्या याद्या ब्रिटनी प्रांतातील लोरियां येथे आहेत. लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचे मूळ गाव दिलेले असते, आणि ते मिळाले की फ्रान्समधील त्या जिल्ह्याच्या दप्तरात उतरता येते.

या नोंदींत आपल्याला शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. फ्रेंच कागदात बाई लग्नानंतरही माहेरच्या नावानेच लिहिली जाते. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्यात, मुलीच्या लग्नात, तिच्या स्वतःच्या दफनात, सगळीकडे तिचे जन्माचे नाव असते. शिवाय धर्मपिता व धर्ममाता यांची नावे असतात, आणि हे लोक बहुधा नात्यातलेच. त्यामुळे आईच्या अंगाने वर चढत जाता येते. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, पुष्कळदा नावही बदलते. आपल्या वंशावळीचे झाड म्हणजे नुसत्या खोडाचे चित्र. फांद्या ज्या घरांतून आल्या त्या घरांचा त्यात पत्ता नसतो. द्यूप्लेची बायको जान आल्बेर, जिला तमिळ मुलखात 'जान बेगम' म्हणत, हिच्या आईच्या अंगाने देशी-पोर्तुगीज रक्त होते, हे आपल्याला ठाऊक आहे ते या वह्यांमुळेच.

पण या वह्यांत एक कडू घोटही आहे. ज्या देशी बाईशी चर्चमध्ये लग्न लागले नाही, ती वहीत येत नाही. आली तर नुसत्या बाप्तिस्म्याच्या नावाने येते, मारी किंवा रोझ. तिचा बाप कोण, गाव कोणते, हे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. हैदराबादच्या छावणीत तर वहीचीच वानवा. तेव्हा निर्मलच्या एखाद्या कुळाला फ्रेंच पूर्वज मिळणे अवघड, पण त्या फ्रेंचाच्या देशी पत्नीचे नाव मिळणे त्याहून अवघड.

नाव देणारे सरकार

फ्रेंचांना आपल्या आडनावाच्या रीतीचा एवढा अभिमान, की ती त्यांनी इतरांनाही वाटून दिली. पुदुच्चेरीच्या तमिळ माणसाला आडनाव नव्हते. बापाचे नाव आधी, मग स्वतःचे. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकुमाने ज्या हिंदी माणसाला आपला जातीधर्माचा कायदा सोडून फ्रेंच कायदा घ्यायचा असेल, त्याला तशी सोय मिळाली. अट अशी की त्याने एक आडनाव पत्करावे. या चळवळीचा पुढारी वकील पोन्नुतंबी पिळ्ळै. विलायती बूट घालून कोर्टात उभा राहिला म्हणून १८७३ मध्ये त्याला दंड झाला होता, आणि तो पॅरिसपर्यंत भांडून जिंकला होता. त्याने आडनाव घेतले 'लापोर्त', म्हणजे दार. अनेकांनी पुढे अशीच फ्रेंच नावे घेतली. त्यामुळे आज पुदुच्चेरीत, कारैकलला किंवा आपल्या शेजारच्या आंध्रातील यानमला एखादे फ्रेंच आडनाव दिसले, तर त्याचा अर्थ फ्रेंच पूर्वज असा बहुधा नसतो. एखाद्या पणजोबाने स्वतःच्या हाताने उघडलेले ते दार असते.

इतरत्र दार बाहेरून उघडले गेले. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मार्टिनिक, ग्वादलूप, रेयुनियाँ येथील हजारो माणसांना कारकुनांनी आडनावे दिली. अल्जीरियात १८८२ च्या कायद्याने घरोघर आडनावे लादली. पुदुच्चेरी, कारैकल येथून मजूर म्हणून गेलेल्या हिंदी लोकांची देशी नावेच तिकडे आडनावे बनली. ग्वादलूपमधील हिंदी लोकांच्या नागरिकत्वासाठी १९०४ पासून जवळजवळ वीस वर्षे झगडलेला हेन्री सिदंबारोम हा आपल्या चिदंबरमचाच, हे नाव मोठ्याने उच्चारले की कळते.

आणि मॉरिशसमधील मराठी मंडळी? ते बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले, पण तहात फ्रेंच कायदा व रीतिरिवाज राखले गेले. १८३४ नंतर मुंबई बंदरातून कोकणातले मराठी मजूर तेथे गेले. त्यांचे कुळनाम कोणी विचारले नाही. आजोबाचे किंवा बापाचे एकेरी नाव, सखाराम, रामजी, गोविंद असे, फ्रेंच कानांनी ऐकून लिहिले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे आडनाव झाले. त्यांच्या वंशजांना रत्नागिरीकडील आपले गाव शोधायचे तर आडनावाचा उपयोग नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली मजुरांची नोंदपुस्तके उघडावी लागतात.

आपल्या घरचे दप्तर

हे सगळे परक्यांचे झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि फार जवळचा आहे.

आपण एदलाबादवाले तीन रीतींच्या चव्हाट्यावर राहतो. मराठी माणूस आपले नाव, बापाचे नाव, मग आडनाव लिहितो. तेलुगू माणूस घराचे नाव, 'इंटिपेरु', आधी लिहितो आणि पुष्कळदा त्याचे एकच अक्षर ठेवतो. गोंडांत आडनावाच्या मागे 'सगा' असतो : चार, पाच, सहा, सात देवांचे सगे, आणि सोयरीक जुळते ती त्यावर. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत पूजेचा मान मेश्रामांचा, तो आडनावाचा मान आहे. गोंडांचे कुळ किकरीवर गाऊन सांगणारा परधान हा आपल्या मुलखातला चालताबोलता अभिलेखागार आहे.

१९५६ मध्ये किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात, गेले. एका घराच्या दोन भावांपैकी एक इकडे, एक तिकडे राहिला. तिकडच्याच्या मुलाचे नाव शाळेत मराठी पद्धतीने लागले. इकडच्याच्या मुलाचे तेलुगू पद्धतीने, आडनावाचे एक अक्षर करून. आजोबाचे नाव उर्दू दप्तरात, आणि त्याच्या बापाचे मोडीत. चार पिढ्यांत चार लिप्या. तिसऱ्या पिढीतील चुलतभावांची नावे कागदावर पाहिली तर ते सख्ख्या भावांचे नातू आहेत असे कोणी म्हणणार नाही. कर्कपॅट्रिकच्या साहिब आलमचा विल्यम व्हायला समुद्र ओलांडावा लागला. आमच्याकडे पैनगंगा ओलांडली तरी पुरते.

आणि याची किंमत मोजावी लागते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने मराठवाड्यात निजामकाळचे कागद शोधण्याची धावपळ झाली ती सर्वांनी पाहिली. त्या प्रश्नावरील ज्याचे त्याचे मत काहीही असो, ज्याच्या घरी पणजोबाचे नाव, गाव आणि सन एका कागदावर होते, तो रांगेत पुढे गेला; ज्याच्या घरी नव्हते, तो हेलपाटे घालीत राहिला. जमीन, जातीचा दाखला, वारसा, सर्व अखेर नावाच्या अक्षरांवर येऊन ठरते.

म्हणून फरासीस पूर्वज शोधण्याची जी शिस्त, तीच आपल्या घराला लावावी. कहाणी फेकून देऊ नये, पण तिच्यावर शिक्काही मारू नये. ती सन घालून लिहून ठेवावी आणि कोणी सांगितली तेही लिहावे. एका माणसाची जेवढी नावे असतील, घरचे, शाळेचे, दप्तरातले, तेवढी सगळी एका ओळीत मांडावी. नाशिक-त्र्यंबकला किंवा गयेला गेल्यास उपाध्यायाच्या वहीतील आपल्या गावचे पान उतरवून आणावे. सासऱ्या-आजोबांच्या उर्दू-मोडी कागदांना वाळवी लागण्यापूर्वी वाचणारा गाठावा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात शोधायला बसण्याआधी घरची पेटी उघडावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईचे, आजीचे, पणजीचे माहेरचे नाव व गाव लिहून ठेवावे. हे घरातल्या एखाद्याच म्हातारीला ठाऊक असते, आणि ती गेली की कोणत्याही सरकारच्या दप्तरात ते सापडत नाही.

मुसा रेमूचे नाव त्याच्या शिपायांनी राखले, उरूस करून, दिवे लावून. चूक राखले, मूसाराम म्हणून राखले, पण राखले. त्यामुळे सव्वादोनशे वर्षांनी त्याचे गाव व जन्मसाल आपण सांगू शकतो. त्याच्या छावणीत चूल पेटविणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव आज कोणाला सांगता येत नाही. त्यांची मुले या मुलखातच राहिली असतील. कदाचित हे पान वाचणाऱ्या एखाद्याच्या रक्तातही ती असतील. त्यांची वही कोणी लिहिली नाही. आपल्या आजीची मात्र अजून लिहिता येईल.